हरणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी

यावेळी आलेल्या पत्रांत बास्केटबॉलवर एवढे प्रश्न असतील असं खरंच वाटलं नव्हतं. कोल्हापुरातनं फुटबॉल आणि कुस्तीवर पत्रं येतात, ते दर महिन्याचं आहे, पण यावेळी चार-पाच जणांनी वेगवेगळ्या बाजूनं एकच गोष्ट विचारलीय, की मुद्दाम हरणं कसं थांबवायचं. म्हणून पूर्ण पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : दादा, मी शिवाजी पेठेत राहतो, कॉलेजला आहे. पहाटे साडेपाचला उठून मोबाईलवर अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, एनबीए, बघतो. मार्च महिना आला की काही टीम हरायलाच उतरल्यासारख्या खेळतात, चांगला प्लेअर ठणठणीत असतो आणि तरी बेंचवर बसवतात. कारण विचारलं तर सगळे म्हणतात ड्राफ्टसाठी. पण ड्राफ्टला तर लॉटरी आहे ना? मग हरून काय मिळतं? आणि ही लॉटरी न्यायाची आहे का?

भावा, आधी ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एनबीएत ३० टीम आहेत, आणि दरवर्षी कॉलेजमधून किंवा परदेशातून येणारी नवीन पोरं या टीम नंबर लावून उचलतात, दोन राऊंड होतात. पोरगं कुठं जायचं ते स्वतः ठरवत नाही, ज्याचा नंबर तो उचलणार. जी टीम तळात तिला आधी उचलायला मिळावं, म्हणजे दुबळा जरा सावरेल आणि लीग बरोबरीची राहील, ही मूळ कल्पना. कल्पना चांगली आहे, मनापासून चांगली आहे. पण तिच्या पोटात एक खोट आहे, ती म्हणजे हरण्यालाच बक्षीस लागलं.

आणि हे बक्षीस साधं नाही. बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाचच जण असतात. फुटबॉलमध्ये अकरातला एक भारी असला तरी बाकीचे दहा त्याला बुडवू शकतात, इथं पाचातला एक खरा भारी निघाला की दहा वर्षं टीमचं नशीब फिरतं. वर पहिल्या राऊंडच्या पोराचा पगार पहिली चार वर्षं ठरलेल्या तक्त्यानं असतो, म्हणजे हिरा मिळतो आणि तोही स्वस्तात. मग ऑफिसात बसलेल्या माणसाच्या डोक्यात येणारच की यंदा प्लेऑफ तर काय लागत नाहीत, मधल्यामधे लटकण्यापेक्षा तळ गाठलेला बरा.

पूर्वी लॉटरी नव्हतीच. १९६६ पासून पूर्व आणि पश्चिम भागातल्या सगळ्यात खालच्या दोन टीममध्ये नाणं उडवायचे. ह्यूस्टन रॉकेट्सनं १९८३ ला नाणेफेक जिंकून राल्फ सॅम्पसन घेतला, आणि पुढच्याच वर्षी परत तळात जाऊन, परत नाणेफेक जिंकून हकीम ओलाजुवान घेतला. १९८४ च्या त्या सीझनच्या शेवटाला ह्यूस्टननं एल्विन हेजला, ३८ वर्षांच्या म्हाताऱ्या गड्याला, जादा वेळेत गेलेल्या एका मॅचमध्ये सलग ५३ मिनिटं खेळवलं, एक मिनिट बसवलं नाही. कोर्टवर पळणाऱ्या हेजचा यात काय दोष, तो तर खेळतच होता. पण बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं की वस्तादाला ही कुस्ती जिंकायचीच नाही. ओरड झाली आणि १९८५ पासून लॉटरी आली.

पहिली लॉटरी एकदम सरळ होती. प्लेऑफ न गाठलेल्या ७ टीम, ७ पाकिटं, सगळ्यांना सारखी संधी. तळाच्या दोघांपैकी एक असलेली गोल्डन स्टेट थेट सातव्या नंबरवर गेली. मग बोंब झाली की हा तर दुबळ्यावर अन्याय. म्हणून १९९० पासून वजन लावलं, खालच्याला जास्त चिठ्ठ्या, वरच्याला कमी, एकूण ६६ चिठ्ठ्या आणि त्यात तळातल्याच्या ११. तर १९९३ ला ओरलँडोनं, ४१ जिंकून ४१ हरलेल्या टीमनं, ६६ पैकी फक्त १ चिठ्ठी असताना पहिला नंबर मारला, आणि तेही आदल्याच वर्षी शकील ओनीलसारखा भारी प्लेअर मिळालेला असताना. परत बोंब. मग १९९४ पासून तळातल्याची शक्यता वाढवून २५ टक्के केली. बघ, दर वेळी तागडी एकीकडं झुकली की दुसरीकडं माप टाकत आलेत, चाळीस वर्षं हेच चाललंय.

सोडत कशी काढतात ते सांगतो, म्हणजे आकडे डोक्यात बसतील. बंद खोलीत एक हवेचं यंत्र, त्यात टेबल टेनिसचे १४ चेंडू, १ ते १४ नंबरचे. खोलीतल्यांचे मोबाईल काढून घेतलेले असतात. चेंडू २० सेकंद घुसळले की पहिला वर काढतात, मग दर १० सेकंदांनी पुढचा, असे चार. वेळ सांगणारा माणूस यंत्राकडं पाठ करून उभा असतो आणि हात वर करून इशारा करतो, म्हणजे कुठला चेंडू वर आलाय हे त्याला दिसूच नये. १४ मधून ४ चेंडूंच्या जोड्या १००१ होतात, त्यातल्या १००० टीमना वाटलेल्या असतात आणि एक कुणाचीच नसते, ती निघाली तर परत काढायचं. यात लबाडीला जागा नाही असं मला वाटतं. आपल्याकडं महापालिकेच्या वॉर्डांची आरक्षण सोडत बघायला जशी गर्दी जमते तशी त्या खोलीत टीमची माणसं श्वास रोखून बसलेली असतात. लबाडी असते ती या खोलीच्या बाहेर, सोडतीच्या आधी चार महिने.

ती कशी ते फिलाडेल्फियाकडं बघून कळतं. २०१३ ला सॅम हिंकी तिथं जनरल मॅनेजर म्हणून आला आणि त्यानं लपवाछपवी न करता तळ गाठायचं ठरवलं. पहिल्या सीझनला १९ विजय, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १०. तीन वर्षांत १९९ हार. मायकल कार्टर-विल्यम्स नावाचा पोरगा वर्षातला बेस्ट नवीन प्लेअर ठरला होता, त्याला दुसऱ्याच सीझनला विकून टाकला, कारण टीम थोडी जरी बरी झाली तरी नंबर घसरणार. जोएल एम्बीड पायाच्या दुखण्यामुळं लगेच खेळणार नाही हे माहीत असून उचलला, तो दोन सीझन खेळलाच नाही, उलट तेवढी दोन वर्षं हरणं अजून सोपं झालं. २०१६ ला हिंकीनं १३ पानांचं पत्र लिहून राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी टीमला पहिला नंबर लागून बेन सिमन्स मिळाला. एम्बीड २०२३ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला हे खरं, पण त्या सगळ्या हारण्यातून अजिंक्यपद आलं नाही. आणि ती तीन वर्षं पोराला खांद्यावर घेऊन स्टेडियमला गेलेल्या बापाचं काय, त्याला कुणी काय परत दिलं? मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त राग येतो तो इथं.

आता तुझा नेमका प्रश्न, लॉटरीनं हे थांबतं का. २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं सगळ्यात तळातल्या रेकॉर्डलाच पहिला नंबर लागला, म्हणजे लोकांना वाटायला लागलं की लॉटरी नावापुरती. २०१४ ला बदलाचा ठराव आला होता, तेव्हा १७ टीम बाजूनं आणि १३ विरोधात गेल्या, २३ मतं लागत होती म्हणून पडला. २०१७ ला परत आणला आणि मंजूर झाला, २०१९ च्या ड्राफ्टपासून लागू. त्यात तळातल्या तिघांना सारखीच १४ टक्के संधी दिली, चौथ्याला साडेबारा, मग उतरत उतरत चौदाव्याला अर्धा टक्का. आधी पहिले तीन नंबर सोडतीनं निघायचे, आता चार निघतात. तळातली टीम फार तर पाचव्यावर घसरते, आणि ती पाचव्यावर जायची शक्यता जवळजवळ ४८ टक्के आहे.

याचा परिणाम झाला, हे मान्य करायला पाहिजे. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सगळ्यात खराब रेकॉर्डच्या टीमला एकदाही पहिला नंबर लागला नाही. शेवटून पहिला यायची जी शर्यत होती तिची धार बोथट झाली, कारण शेवटून तिसरा आला तरी संधी तीच. पण मुद्दाम हरणं गेलं नाही, ते फक्त वर सरकलं. आधी तळात दोन-तीन टीम हरायला बसायच्या, आता नवव्या-दहाव्या नंबरवरच्या टीमलाही वाटतं की अजून थोडं खाली गेलो तर काय बिघडतंय. २०२३ च्या एप्रिलमध्ये डॅलसला थोडी आशा शिल्लक होती, प्ले-इनला, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या मॅचना, जाता आलं असतं, तरी शिकागोविरुद्ध त्यांनी महत्त्वाचे प्लेअर बसवले. त्यांचा त्या वर्षीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमधला नंबर, न्यूयॉर्कला द्यायचा होता, पण अट अशी होती की तो पहिल्या दहात आला तर डॅलसकडंच राहणार. लीगनं साडेसात लाख डॉलर दंड केला. डॅलसनं दंड भरला आणि पिक ठेवला. एवढ्या मोठ्या ओनरला एवढा दंड म्हणजे खिशातली चिल्लर, हरण्याचा भाव त्याहून जास्त निघाला.

आता न्यायाचं बोलू. भावा, तू कोल्हापूरचा, तुला नुरा कुस्ती काय असते ते सांगायला नको. लहानपणी वडिलांबरोबर एका गावच्या जत्रेत कुस्त्या बघायला गेलो होतो, मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. दोघं पैलवान अंगानं तगडे, हलगी कडाडायला लागलेली, आणि दोघं आपले नुसते हात झटकतायत, मान धरतायत, सोडतायत. पाच-सात मिनिटांत मागून एक म्हातारा ओरडला, "नुरा हाय, सोडवा!" आणि मग सगळं मैदान उठलं. पंचांनी दोघांना बाहेर काढलं, इनाम दिलं नाही. वडील घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. खासबागेत लोक दगडी पायऱ्यांवर तासन्‌ तास उन्हात बसतात ते निकाली कुस्तीसाठी, शाहू महाराजांनी ते मैदान बांधलं तेच मुळी कुस्ती खरी व्हावी आणि लांब बसलेल्याला पण नीट दिसावी म्हणून.

पण एनबीएतलं मुद्दाम हरणं नुरा कुस्तीपेक्षा वेगळं आहे, आणि म्हणूनच पकडायला अवघड आहे. नुऱ्यात दोघं पैलवान मिळून लोकांना फसवतात. इथं पैलवान खरा लढतो, पण वस्ताद त्याला उपाशी पोटी आखाड्यात उतरवतो. कोर्टवरचा पोरगा हरायला खेळत नाही, कारण त्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्याच्या खेळावर आहे. हरतं ते ऑफिस, चांगले प्लेअर विकून, ठणठणीत माणसाला दुखापतीच्या यादीत घालून, कच्ची पोरं उतरवून. २००६ ला मिनेसोटानं सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये मार्क मॅडसन नावाच्या उंच गड्याला, ज्यानं आयुष्यात लांबून फारसा शॉट मारला नव्हता, त्याला थ्री-पॉइंटर मारू दिले. सात मारले, साती चुकले. मैदानात ओरडणारा म्हातारा असता तर तिथल्या तिथं ओरडला असता.

आणि लॉटरीला हा म्हातारा नाही. तिला मन दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. २०२३-२४ ला डेट्रॉइट सलग २८ मॅच हरली, पूर्ण सीझनला १४ विजय. ही टीम मुद्दाम हरत नव्हती, त्याच सीझनच्या आधी त्यांनी माँटी विल्यम्सला सहा वर्षांचं प्रचंड मोठं कॉन्ट्रॅक्ट देऊन कोच म्हणून आणला होता, हरायचं असेल तर कुणी असा पैसा ओतत नाही. ते खरंच दुबळे होते. लॉटरीनं त्यांना पाचवा नंबर दिला. आदल्या वर्षी पण तळातच होते, तेव्हाही पाचवाच. आणि २०२५ ला डॅलसला, ३९ विजय मिळवलेल्या टीमला, फक्त १.८ टक्के संधी असताना पहिला नंबर लागून कूपर फ्लॅग मिळाला, आणि तळातली युटा गेली पाचव्यावर. डॅलस त्या वर्षी प्ले-इनपर्यंत लढली होती, म्हणजे लढणाऱ्याला मिळालं असंही म्हणता येईल, मी त्याला नाव ठेवत नाही. पण डेट्रॉइटच्या माणसाला जाऊन सांगून बघ.

म्हणून माझं मत असं, की ही लॉटरी मुद्दाम हरणाऱ्याचा फायदा कमी करते, पण त्यासाठी खरा दुबळा आणि खोटा दुबळा यांना एकाच दोरीनं बांधते. चोर सापडत नाही म्हणून पूर्ण गल्लीची वीज तोडल्यासारखं आहे हे. चोरी कमी होईलही, पण अंधारात अभ्यास करणाऱ्या पोराचं काय?

प्रश्न : मग दुसरा उपाय काय, ते पण सांगा. नुसतं चूक आहे म्हणून सोडू नका. (राजारामपुरीतून, निवृत्त शिक्षक)

सर, तुमचा आग्रह रास्त आहे. उपाय बरेच सुचवलेत, मला त्यातले तीन सांगण्यासारखे वाटतात.

पहिला आपल्या भिशीसारखा. बोस्टनच्या ऑफिसातल्या माइक झॅरेननं मांडलेली ही कल्पना, ३० टीम आणि ३० वर्षं, प्रत्येकाला प्रत्येक नंबर एकदा मिळणार आणि कुठल्या वर्षी कुठला ते आधीच ठरलेलं. हार-जीतचा नंबराशी संबंधच नाही, त्यामुळं हरायचं कारण मुळासकट जातं. पण भिशीत जे होतं तेच इथं होणार. घरात लग्न यंदा आहे आणि नंबर लागतो दोन वर्षांनी. खरंच बुडालेल्या टीमनं वाट बघत बसायची. शिवाय कॉलेजमधलं भारी पोरगं म्हणेल की यंदा पहिला नंबर अमुक टीमचा आहे, मला तिथं जायचं नाही, मी एक वर्ष थांबतो. भिशीत गरजवंत दुसऱ्याशी बोलून नंबर बदलून घेतो, तेवढी माणुसकी इथं चालायची नाही.

दुसरा, एका वर्षाच्या ऐवजी दोन वर्षांचा हिशेब धरायचा. अमेरिकेतल्या बायकांच्या लीगमध्ये, डब्ल्यूएनबीएत, हे चालू आहे, दोन सीझनची हार-जीत मिळून लॉटरीची संधी ठरते. त्यामुळं एका सीझनच्या शेवटच्या महिन्यात दहा मॅच टाकून फारसं हाती लागत नाही. पण ज्यानं तीन वर्षं हरायचं ठरवूनच ठेवलंय त्याला हे अडवत नाही.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. टीम प्लेऑफच्या बाहेर गेली हे गणितानं पक्कं झालं की त्या दिवसापासून तिचे विजय मोजायला सुरू करायचे, आणि त्यानंतर ज्यानं जास्त पॉइंट कमावले त्याला पहिला नंबर. बायकांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगनं, पीडब्ल्यूएचएलनं, २०२४ च्या आपल्या पहिल्याच सीझनपासून हे लावलं. यात दुबळ्याला न्याय कसा मिळतो बघा, जो खरंच दुबळा तो लवकर बाहेर पडतो, म्हणजे त्याला पॉइंट कमवायला जास्त मॅच मिळतात. आणि मार्चमध्ये तिकीट काढून आलेल्या माणसासमोर दोन्ही टीम जिंकायला खेळतात. सर, तुम्ही म्हणाल की सीझनच्या सुरुवातीला हरून लवकर बाहेर पडायचं आणि मग चांगले प्लेअर काढायचे असं कुणी केलं तर? करेल, करणारा काहीही करेल. पण डिसेंबरमध्येच सगळं सोडून दिलं आणि फेब्रुवारीत एकदम जिंकायला लागलं तर ते झाकत नाही, उघड दिसतं, आणि सुरुवातीच्या तिकिटांचं, प्रायोजकांचं नुकसान सोसावं लागतं ते वेगळं. शिवाय इतकी बिघडवलेली टीम वेळ आली म्हणून लगेच जिंकायला लागत नसते, हे तर आपण तालमीत बघतो, महिनाभर मेहनत सोडलेल्या पोराच्या अंगात दम कुठनं येणार.

तेव्हा मला विचाराल तर लॉटरी ठेवा, पण चिठ्ठ्या हरण्यावर वाटू नका.

प्रश्न : आयपीएलमध्ये असं मुद्दाम हरण्याचं का ऐकू येत नाही? तिथं पण शेवटच्या टीमला खाली कुठं पाठवत नाहीत. (मंगळवार पेठ)

कारण तिथं तळाला येऊन काहीच मिळत नाही. आयपीएलमध्ये प्लेअर लिलावात घेतात, सगळ्यांच्या पाकिटाची मर्यादा सारखी, शेवटच्याला आधी बोली लावायचा मान नाही. हरला तर नुसताच हरला. युरोपच्या फुटबॉलमध्ये त्याहून कडक, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या तीन टीम दर वर्षी खालच्या लीगमध्ये जातात, आणि त्याबरोबर टीव्हीचा पैसा पण जातो, त्यामुळं तिथं एप्रिल-मेमध्ये तळातल्या मॅच जास्त जीव तोडून होतात. आपल्या शाहू स्टेडियमवर पेठेची इज्जत लागलेली असते तेव्हा कुणी हरायचा विचार तरी करेल का? एनबीएत मात्र दार बंद आहे, ३० टीम ठरलेल्या, कुणी खाली जात नाही, देशभरच्या टीव्हीचा पैसा सगळ्यांना सारखा वाटला जातो. हरण्याची शिक्षा काहीच नाही आणि बक्षीस आहे, दोन्ही एकत्र आलं की काय होणार.

लिलाव का करत नाहीत असं पण तुम्ही विचारलंय. मला स्वतःला १९ वर्षांच्या पोराला स्वतःचं गाव निवडता येत नाही हे खटकतं, त्यामुळं लिलाव नाही तरी थोडी निवड पोराच्या हातात असावी असं वाटतं. पण मग ती लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कलाच पळतील ही भीती आहे, आणि ती खोटी नाही.

प्रश्न : १९८५ च्या लॉटरीत न्यूयॉर्कचं पाकीट फ्रीजमध्ये ठेवून थंड केलं होतं म्हणे, म्हणजे हाताला कळावं. खरं आहे का?

सिद्ध कधीच झालं नाही. पाकीट टाकताना एक पाकीट ड्रमच्या कडेला आपटल्यासारखं दिसतं, त्यावरून कोपरा दुमडल्याची पण गोष्ट निघाली. न्यूयॉर्कला पहिला नंबर लागून पॅट्रिक इविंग मिळाला, सोडत पण न्यूयॉर्कमध्येच होती, म्हणून लोकांचा संशय गेला नाही. सातव्यावर गेलेल्या गोल्डन स्टेटनं क्रिस मलिन उचलला आणि तो पण पुढं मोठा खेळाडू झाला. तसंच २०१४ ला ४१ व्या नंबरवर उचललेला निकोला योकिच तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नंबर मिळाला म्हणजे सगळं मिळालं असं नसतं, डोळा असावा लागतो.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, चौदा वर्षांखालच्या टीममध्ये बास्केटबॉल खेळते. मागच्या एका स्पर्धेत साखळीतली शेवटची मॅच हरा, म्हणजे पुढं सोपी टीम येईल, असं त्यांच्या सरांनी पोरींना सांगितलं. त्या हरल्या, पुढची मॅच जिंकल्या, आणि घरी येऊन मुलगी रात्रभर रडली. मी सरांना काय बोलू तेच कळेना. (एक आई)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वरच्या सगळ्या डॉलर आणि टक्क्यांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

हे मोठ्या स्पर्धेत पण झालंय. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत चीनची एक, इंडोनेशियाची एक आणि दक्षिण कोरियाच्या दोन अशा चार जोड्या पुढं सोपा ड्रॉ यावा म्हणून मुद्दाम हरत होत्या, सर्व्हिस सरळ जाळ्यात मारत होत्या, प्रेक्षक ओरडायला लागले. आठही जणींना स्पर्धेतून काढलं. पण मला त्याच्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. जागतिक संघटनेनं नुसती शिक्षा देऊन सोडलं नाही, नियम बदलला. गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची गाठ कुणाशी पडणार ते गटाच्या मॅच संपल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. म्हणजे हरून पुढं कोण येणार हे आधी कळतच नाही, मग हरायचं कशाला. बघा, इथं सोडत अगदी नीट बसली, कारण चिठ्ठीत हरणाऱ्याला जास्तीचा वाटा दिलेला नाही.

तेव्हा सरांशी भांडू नका, पण जाऊन बोला. एकट्या नको, अजून दोन-तीन पोरींच्या आई-वडिलांना घेऊन जा, आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना लेखी द्या की पुढच्या वर्षी बाद फेरीच्या जोड्या साखळी संपल्यावर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून लावा. एक वही, एक डबा आणि चिठ्ठी उचलायला एखादं लहान पोर, याला खर्च काही नाही. सर वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, त्यांना पोरी पुढं जाव्यात असंच वाटलं असेल, आणि नियमानंच त्यांना ती वाट दाखवली.

आणि मुलीला सांगा की तिला रडू आलं ते बरोबर आलं. तिला विचारा की त्या मॅचमध्ये तिनं मुद्दाम सोडलेला बॉल कुठला होता, तिला तो नक्की आठवत असेल. रविवारी मैदानावर जाऊन तिच्याबरोबर उभ्या राहा आणि त्याच जागेवरनं तिला तो शॉट मारू द्या, बास्केट होईपर्यंत.